सहावी पायरी आणि समाज भागीदार

परिपत्रकात म्हटलं होतं की प्रत्येक शाळेने दोन नवोपक्रमशील शिक्षक प्रशिक्षणाला पाठवावेत. आमच्या शाळेत असा शिक्षक एकच होता, गणिताच्या बाई. दुसरा शोधण्यासाठी मुख्याध्यापकांनी वेळापत्रक उघडलं, मंगळवारी आणि बुधवारी कुणाचे तास कमी आहेत ते पाहिलं, आणि मी नवोपक्रमशील झालो. बावीस वर्षं भाषा शिकवून जे जमलं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं.

निघताना मुख्याध्यापकांनी बाईंना थांबवलं. सातवीचे शुक्रवारचे शेवटचे दोन तास बाईंनी वर्षभरासाठी मागून घेतले होते. त्या तासांना पुस्तक नाही, फळा नाही. मुलं टेप घेऊन हिंडायची आणि जे दिसेल ते मोजायची. आता मुख्याध्यापकांना ते तास सराव चाचण्यांसाठी हवे होते.

"प्रशिक्षणानंतर समिती येईल," ते म्हणाले. "समितीला पसंत पडलं तर तास तुमचे. नाही पडलं तर सराव चाचणी. माझं यात व्यक्तिगत काही नाही."

"बरं सर," बाई म्हणाल्या. एवढं थंड 'बरं' मी त्याआधी फक्त माझ्या बायकोकडून ऐकलं होतं.

त्या दोन तासांत काय आहे ते मला माहीत होतं, कारण माझा वर्ग शेजारी होता. सातवीत एक मुलगी होती, तिला सगळे फूटपट्टी म्हणायचे. चाचणीत वीसपैकी चार. वर्गात तोंड उघडायची ते जांभई द्यायला. पहिल्या शुक्रवारी बाईंनी तिच्या हातात टेप दिला, तेव्हापासून ती टेप परत द्यायला तयार नव्हती, आणि बोलणं थांबवायला तर त्याहून नव्हती. सोमवार ते गुरुवार ही मुलगी शाळेत यायची ती केवळ शुक्रवार त्यांच्या नंतर येतो म्हणून.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी आम्ही गोल उभं राहून एकमेकांकडे चेंडू फेकला. ज्याच्या हातात चेंडू त्याने आपलं शक्तिस्थान सांगायचं. मी म्हणालो, "आवाज." प्रशिक्षक म्हणाले, "छान, अजून खोल जा." मी आवाज खालच्या पट्टीत नेऊन पुन्हा म्हणालो. बाईंनी रुमाल तोंडावर धरला.

दुपारी मुख्य विषय निघाला. "शाळेच्या भिंती पाडा!" प्रशिक्षक म्हणाले. आमची एक भिंत दोन वर्षांपूर्वी आपोआप पडली होती, त्यामुळे विषय मला जवळचा वाटला. पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. प्रत्येक शाळेने एक समाज भागीदार शोधायचा. त्याच्यासोबत मुलांनी सहा आठवडे काम करायचं. मग समिती येणार, पाहणार, फॉर्म भरणार.

शेजारच्या टेबलाने चहाच्या सुट्टीतच रुग्णालय पटकावलं. त्यापलीकडच्यांना छापखाना मिळाला. एका सरांनी तर हवामान कार्यालय मिळवलं आणि दिवसभर खिडकीबाहेर मालकासारखे पाहत बसले. आम्ही पाच ठिकाणी पत्रं पाठवली. दूध डेअरीने कळवलं की कल्पना स्तुत्य आहे आणि ती त्यांनी दुसऱ्या शाळेला दिली आहे. बाकी चौघांनी एवढंही कळवलं नाही.

फॉर्म द्यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेलो. ओट्याखाली एक माणूस पालथा पडून सुटलेली फरशी बसवत होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. बाईंचे धाकटे दीर. धंदा गवंडीकाम.

बाई फॉर्मकडे पाहत होत्या. मग पायांकडे. मग पुन्हा फॉर्मकडे.

"भाऊजी," त्या म्हणाल्या.

"नाही," पाय म्हणाले.

"मी अजून काही विचारलं नाहीये."

"वहिनी, तुमच्या आवाजावरून कळतं. वरचा माळा साफ करून हवाय."

"माळा नाही. शाळेत यायचंय. गणिताच्या तासाला."

ओट्याखाली डोकं आपटल्याचा आवाज आला. मिस्त्री बाहेर आले, कपाळ चोळत. "माझा आणि गणिताचा संबंध सातवीत तुटला. पस्तीस टक्क्यांवरून भांडण झालं. मला पंचवीसच पडले होते."

"म्हणूनच या," बाई म्हणाल्या. "सातवीचाच वर्ग आहे."

फॉर्ममध्ये भागीदार संस्थेचं नाव, स्थापना वर्ष, ध्येयधोरण आणि प्रमुखाचं शिक्षण असे रकाने होते. मिस्त्रींनी ध्येयधोरणात 'काम सरळ' असं लिहिलं आणि शिक्षणात 'सातवी, गणितात नापास'. 'नापास' लिहू नका म्हटलं, तर म्हणाले, "लपवायचं कशाला, वहिनींनी शाळेत सगळ्यांना सांगितलंच असेल."

पहिल्या शुक्रवारी ते आले. आमच्या शाळेत तळमजल्यावरून जिन्याच्या वळणापर्यंत अकरा पायऱ्या आहेत. सहाव्या पायरीवर मिस्त्रींचा पाय अडकला आणि ते दोन्ही हातांवर आले.

"सहावी!" खालून शिपाईमामा ओरडले.

शिपाईमामांचं स्टूल जिन्याच्या पायथ्याशी असतं. शाळेत नवीन माणूस आला की तो सहाव्या पायरीवर अडखळतो, आणि तो अडखळला की मामा "सहावी!" असं ओरडतात. आधी ओरडायचं त्यांना सव्वीस वर्षांत सुचलं नव्हतं. आम्ही शिक्षक अडखळत नसू. आमच्या लेखी हा शाळेत मुरल्याचा दाखला होता.

मिस्त्री उठले नाहीत. तिथेच पायरीवर बसले आणि तिच्यावरून तळहात फिरवला, ताप पाहावा तसा.

"वहिनी, ही कुणी बांधली?"

"शाळेबरोबरच आलीय."

"इतकी वर्षं माणसं पडतायत आणि तुम्ही वर बसून भूमिती शिकवताय?"

बाई लाल झाल्या. पण पुढच्याच क्षणी त्यांचे डोळे चमकले. ती चमक मी ओळखतो. ती आली की मला काहीतरी उचलावं लागतं. "सगळे खाली या!" त्यांनी वर पाहून हाक मारली. "टेप घेऊन या!" चाळीस मुलं जिन्यावरून ओतल्यासारखी आली. मला बाईंची खुर्ची उचलावी लागली.

मिस्त्रींनी टेप घेतला नाही. पिशवीतून एक लाकडी काठी काढली, पहिल्या पायरीला उभी लावली आणि पायरीच्या उंचीवर पेन्सिलीने खूण केली. "आम्ही मोजत नाही, जुळवतो," ते म्हणाले. खूण दुसरीला जुळली. तिसरीला, चौथीला, पाचवीला जुळली. सहाव्या पायरीला खूण खालीच राहिली. सातव्या पायरीला ती वर निघाली.

"दोन पायऱ्या चुकल्या!" मुलं ओरडली.

फूटपट्टी तोवर पोटावर आडवी पडून टेप लावत होती. "सगळ्या सोळा सेंटिमीटर. सहावी साडेअठरा. सातवी साडेतेरा." ती थांबली. ओठ हलत होते. मग ती एकदम उठून बसली. "दोन्ही मिळून बत्तीस! बाई, बत्तीसच! म्हणजे दोन नाही चुकल्या! एकच! सहावीचा माथा वर राहिलाय, तो अडीच सेंटिमीटर खाली घेतला की दोन्ही सुधारतात!"

मिस्त्री तिच्याकडे पाहत राहिले. दोन पायऱ्या फोडायची तयारी त्यांनीही मनात केली होती, हे त्यांनी नंतर मला सांगितलं. तेव्हा एवढंच म्हणाले, "मुली, तुला गणितात किती पडतात?"

"चार."

"मग बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले. "आपल्यात बस."

त्यानंतरचे शुक्रवार कसे गेले ते सांगायला माझ्याजवळ भाषा आहे, तीच शिकवतो, तरी कमी पडते. मुलं खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करायची. त्रेचाळीस पाहुणे आले, एकतीस अडखळले. शिक्षक एकोणीस, अडखळले शून्य. मुख्याध्यापक खूश झाले. "म्हणजे आपला स्टाफ चांगला आहे," ते म्हणाले. मिस्त्रींनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन मुलांच्या हातात दिली आणि जिन्याच्या दोन बाजूंचं पाणी आपोआप एका पातळीत येऊन थांबलं, तेव्हा वर्गाने अशी आरोळी ठोकली की माझ्या वर्गातला संधी आणि समास दोन्ही सुटले. मी मुलांना घेऊन बघायलाच गेलो.

सहामाही सुट्टीत मिस्त्रींनी पायरीचा माथा फोडला. मुलं सुट्टीतही येत होती. शाळेत न बोलावता मुलं आल्याचा हा पहिला प्रसंग, म्हणून मामांनी आधी त्यांना हाकलून दिलं. मिस्त्रींनी नवा माथा बसवला, काठी लावली, खूण जुळली. मग त्यांनी जिन्याला दोरी बांधली. समिती शाळा उघडण्याच्या दिवशीच, पहिल्या तासाला येणार होती. तोवर वर कुणी जायचं नाही.

समितीत तिघं होते. अध्यक्षबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, हातात क्लिपबोर्ड. सुट्टीआधीच त्या रुग्णालयवाल्यांची शाळा पाहून आल्या होत्या. तिथे मुलांनी डॉक्टरांचे पांढरे कोट घालून फोटो काढले होते. त्यापुढे काय केलं ते अजून ठरत होतं.

फूटपट्टीने त्यांच्या हातात डिंकाने चिकटवलेलं पाकीट दिलं. "वर गेल्यावर उघडा."

"आत काय आहे?"

"सांगितलं तर मोजता येणार नाही."

मी बाईंकडे पाहिलं. त्या छताकडे पाहत होत्या.

मुख्याध्यापकांनी दोरी सोडली आणि सगळ्यांच्या पुढे निघाले. "या जिन्यावर आमच्या विद्यार्थ्यांनी..." ते मागे वळून सांगत होते. सहाव्या पायरीवर त्यांचा पाय धाडकन खाली आला, जणू पायरी कुणी काढून घेतली. सातव्या पायरीवर त्यांच्या बुटाचं टोक आपटलं आणि आमचे मुख्याध्यापक, 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द तोंडात असतानाच, आठव्या पायरीला मिठी मारून पडले.

"सहावी!" शिपाईमामा सवयीने ओरडले. मग गोंधळून म्हणाले, "सातवी?"

त्यांना उठवायला पर्यवेक्षक धावले. धाडकन, ठप्प. ते मुख्याध्यापकांच्या शेजारी. मी काही धावलो नाही. सावकाश, कठडा धरून, प्रतिष्ठेने चढलो. मीही तिसरा तिथेच.

समितीचे तिघे आमच्या बाजूने, पायऱ्यांवर फिरायला आल्यासारखे वर निघून गेले.

वळणावर उभं राहून अध्यक्षबाईंनी खाली पाहिलं. आवाज कोरडा होता. "शिक्षकांनो, हा जिना दुरुस्त केलाय ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

"माझ्या डोळ्यांसमोर तीन माणसं पडली. पूर्वी पाहुणे पडायचे, आता स्टाफ पडतो. याला सुधारणा म्हणता?" त्यांचं पेन क्लिपबोर्डवर टेकलं. मुख्याध्यापक नडगी चोळत उभे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं: शुक्रवार, शेवटचे दोन तास, सराव चाचणी.

"पाकीट!" फूटपट्टी किंचाळली. "बाई, पाकीट उघडा ना!"

अध्यक्षबाईंनी पाकीट फाडलं. आत वहीचा एक कागद. त्या मनातल्या मनात वाचू लागल्या, मग थांबल्या, चष्मा लावला आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचलं.

"जे पाच वर्षांहून जास्त काळ रोज वर जातात ते सातव्या पायरीवर अडखळतील, कारण त्यांचा पाय चुकीची पायरी शिकलेला आहे. जे नवीन आहेत ते अडखळणार नाहीत. यादी: एक, मुख्याध्यापक. दोन, पर्यवेक्षक. तीन, भाषेचे सर. हे सावकाश चढतील तरी अडखळतील."

मग अध्यक्षबाईंचं पेन क्लिपबोर्डवरून उठलं.

"बाकीचा स्टाफ कुठे आहे?" त्यांनी विचारलं. आवाज आता कोरडा नव्हता. "सगळ्यांना बोलवा. एकेक करून चढवा. मला बघायचंय!"

त्यानंतर जे झालं तसं आमच्या शाळेत स्नेहसंमेलनातही कधी झालं नाही. मुलं खालच्या व्हरांड्यात, खिडक्यांत, कठड्यावर. चित्रकलेच्या बाई चढल्या: धाडकन, ठप्प! "बरोबर!" वर्ग ओरडला. विज्ञानाचे सर म्हणाले की कारण माहीत असल्यावर माणूस अडखळत नाही, आणि पायांकडे डोळे लावून चढले. ठप्प! "बरोबर!" व्यायामाच्या सरांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून सगळ्यांत ऐटीत सुरुवात केली आणि सगळ्यांत मोठा आवाज केला. तीन आठवड्यांपूर्वी लागलेल्या इंग्रजीच्या नव्या बाई चढल्या, अलगद, सरळ वर. "बरोबर!" समितीतले एक गृहस्थ आता खाली उतरून मुलांबरोबर ओरडत होते. मिस्त्री कठड्याला हात टेकून प्रत्येकाला सावरायला उभे होते आणि हसत होते.

अठरांपैकी अठरा बरोबर. राहिले एक.

"शेवटचं नाव," अध्यक्षबाईंनी वाचलं. "शिपाईमामा. सगळ्यांत जोरात, कारण सगळ्यांत जुने."

मामा स्टुलावरून उठले. आढेवेढे घेतले, गुडघ्यावर हात ठेवला, पण शंभर मुलं नावाने ओरडत असल्यावर माणूस किती वेळ बसणार? ते चढले. पाचवी. सहावी. सातवी. आठवी. अकरावी. पायाला केसभर धक्का नाही.

गोंगाट बंद झाला. फूटपट्टीचा चेहरा उतरला. तिने हातातल्या टेपची गुंडाळी उघडली आणि पुन्हा गुंडाळली.

मिस्त्री खालून हळूच म्हणाले, "मामा, याआधी वर कधी गेला होतात?"

मामा वळणावर उभे. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. वरचा मजला त्यांना अनोळखी आहे हे त्यांच्या पाहण्यातच दिसत होतं.

"म्हणजे तसं... गुडघा..."

"वरच्या वर्गांची सूचनावही?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"मुलंच नेतात की सर. हौसेने."

"पाण्याच्या कळश्या?"

"मुलंच. हौसेने."

"सव्वीस वर्षं?"

"सुरुवातीला एकदा गेलो होतो," मामा म्हणाले. "सहावीवर पडलो. म्हटलं, आपलं काम खालीच आहे."

"बाई!" फूटपट्टी कठड्यावर चढून हात हलवत होती. "बाई, चुकलं नाही! कागदावर 'जे रोज वर जातात' असं लिहिलंय! मामांचं नाव यादीत मी चुकून घातलं, नियम बरोबर आहे! नियम बरोबर आहे!"

आरोळी उठली. मिस्त्रींनी तिला कठड्यावरून उचलून खाली ठेवलं. बाई रुमालाने डोळे पुसत होत्या आणि सिमेंटची धूळ गेली असं सांगत होत्या. सिमेंट चार दिवसांपूर्वीच वाळलं होतं.

अध्यक्षबाई चौथ्यांदा वर-खाली करून आल्या आणि मिस्त्रींसमोर उभ्या राहिल्या. "भागीदार तुम्ही? फॉर्मवर शिक्षण सातवी लिहिलंय."

"गणितात नापास," मिस्त्रींनी दुरुस्त केलं.

"आणि मी गणितात एम.एस्सी. आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तीस वर्षांत कुणी माझ्या हातात पाकीट दिलं नाही." मग त्या मुख्याध्यापकांकडे वळल्या. "सर, प्रकल्प अपूर्ण आहे."

बाईंचा हात कठड्यावर घट्ट झाला.

"जुने पाय नवीन पायरी शिकायला किती दिवस लागतात, याची नोंद कुठे आहे? ती पूर्ण झाल्याशिवाय मी शेरा देऊ शकत नाही. स्टाफमधलं अडखळणं शून्यावर येईपर्यंत हे तास बंद करता येणार नाहीत. तसं लिहून देते."

आणि त्यांनी लिहून दिलं. मुख्याध्यापकांनी सही केली. त्यांनाही वाटलं असावं की आठ दिवसांचा प्रश्न आहे.

पहिल्या शुक्रवारी पंधरा जण अडखळले. दुसऱ्या शुक्रवारी नऊ. वर्गाबाहेर आलेख लागला, आणि त्याची रेघ शून्याला टेकली की तास बंद, हे मला रोज जाता-येता दिसत होतं. तिसऱ्या आठवड्यात माझा पाय नवी पायरी शिकला. सोमवारी, मंगळवारी मी अलगद वर जायचो. शुक्रवारी शेवटच्या तासाआधी मात्र सातव्या पायरीवर जोडा आपटायचो आणि जमेल तेवढा विव्हळायचो. बावीस वर्षांच्या नोकरीत मी केलेला हा एकमेव नवोपक्रम.

सहाव्या शुक्रवारी फूटपट्टी कागद घेऊन माझ्याकडे आली.

"सर, तुमचं खोटं आहे."

"काय खोटं?"

"खरं अडखळणारा माणूस आधी आपटतो, मग थांबतो. तुम्ही आधी थांबता, मग आपटता. मी त्यासाठी वेगळा रकाना केलाय."

कागदावर दोन रकाने होते. 'खरं' हा दोन आठवड्यांपासून रिकामा होता. दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'मुद्दाम'. मला वाटलं, तिथे मी एकटाच असेन. तिथे अकरा नावं होती. व्यायामाचे सर होते. विज्ञानाचे सर होते. शिपाईमामा होते, जे आता दर शुक्रवारी खास वर चढून येत होते. आणि पहिल्या क्रमांकावर, चार शुक्रवारांच्या चार खुणांसह, मुख्याध्यापक.

"हे समितीला पाठवणार?" मी विचारलं.

"हो ना. बाई म्हणतात नोंद खरीच पाठवायची." तिने कागदाची घडी घातली. "खरं शून्य झालं. पण मुद्दाम वाढतच चाललंय, सर. हे कधी थांबेल ते कळेपर्यंत मोजावंच लागेल."

जिन्यावर ठप्प असा आवाज आला. पाठोपाठ मुख्याध्यापकांचं विव्हळणं. जरा जास्तच लांबलेलं.

फूटपट्टीने घडी उलगडली आणि खूण केली.